रोझेशिया: चेहरा नेमका कशाने भडकतो, हे घरी कसे शोधावे

रोझेशियाचं, म्हणजे चेहऱ्यावर वारंवार लाली, आग आणि पुळ्या आणणाऱ्या त्वचाविकाराचं, निदान झालं की चहूबाजूंनी पथ्य सुरू होतं. तिखट बंद, चहा बंद, टोमॅटो बंद, आंबट बंद. महिनाभरात ताटात वरणभात उरतो आणि गाल तरीही लालच. प्रत्येकाच्या चेहऱ्याला न सोसणारा पदार्थ वेगळा असतो, म्हणून आधी शोध घ्या, मग पथ्य पाळा.

पहिले १४ दिवस खाण्यात काहीही बदलू नका, फक्त वही ठेवा. फेसवॉश, क्रीम, सनस्क्रीन तेच असू द्या. रोज सकाळी तोंड धुण्याआधी त्याच खिडकीपाशी फोटो काढा. फ्लॅश आणि ब्युटी फिल्टर बंद. लाली, आग, चुणचुण यांना ० ते ३ गुण द्या. सावळ्या त्वचेवर लाली फोटोत नीट दिसत नाही, तिथे आग आणि चुणचुणच जास्त खरं सांगतात. नोंद अशी हवी: ‘दु. १.१५, मिसळ, वाफाळती. १.३० ला गाल तापले, २ गुण. १२.३० ला उन्हातून स्कूटरवर.’ शेवटचं वाक्य नसतं तर सगळा आळ मिसळीवर गेला असता. झोप, ताण, व्यायाम आणि पाळीही लिहा.

तिखट, दारू, गरम पेय यांनी चेहरा सहसा काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तापतो. पुळ्या उशिरा येतात, त्यासाठी वहीत एक-दोन दिवस मागे जाऊन पाहा.

आता संशयित. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतं. दारूत रेड वाइन विशेष त्रासदायक. दालचिनी, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं आणि चॉकलेट यांचं नाव सिनॅमाल्डिहाइड या घटकामुळे घेतलं जातं. गोड्या मसाल्यात दालचिनी असते, त्यामुळे ‘अजिबात तिखट नसलेली’ आमटीही यादीत घ्या.

चहाची परीक्षा मात्र नीट करा, कारण इथेच सर्वाधिक चूक होते. तीन दिवस नेहमीचा वाफाळता चहा, पुढचे तीन दिवस तोच चहा कोमट, त्यानंतर तीन दिवस त्याच कपातून नुसतं गरम पाणी. गरम पाण्यानेही गाल तापले आणि कोमट चहाने तापले नाहीत, तर दोष उष्णतेचा. चहा सोडायची गरज नाही. कॉफीचंही तसंच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात जास्त कॉफी पिणाऱ्यांत रोझेशियाचं प्रमाण कमीच आढळलं. स्वयंपाक करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: चेहरा जेवल्यावर तापतो की फोडणीच्या वाफेपाशीच?

मग वहीत वारंवार दिसणारा एकच पदार्थ दोन आठवडे बंद करा. चार एकदम सोडले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. नंतर थंड, निवांत दिवशी नेहमीच्या प्रमाणात खा आणि तीन दिवस थांबा. असं तीनदा करा. तीनपैकी दोनदा चेहरा भडकला तर तो पदार्थ टाळा किंवा प्रमाण निम्मं करून पुन्हा पाहा. एकदाही भडकला नाही तर त्याचं नाव खोडा आणि बिनधास्त खा. दारूची परीक्षा मुद्दाम घेऊ नका.

गोळ्या-पावडरींची लेबलं वाचा. नायासिन, म्हणजे निकोटिनिक अॅसिड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार), साधारण ३० ते ५० मिलिग्रॅमपासूनच चेहरा लाल करू शकतं, बहुधा अर्ध्या तासात. त्याच जीवनसत्त्वाचा दुसरा प्रकार असलेल्या नायासिनामाइडने तसं सहसा होत नाही, म्हणून नाव पूर्ण वाचा. व्यायामाआधीच्या पावडरी आणि एनर्जी ड्रिंक्सही तपासा. बी६ आणि बी१२ च्या मोठ्या मात्रेने काहींना पुळ्या येतात. कमतरतेसाठी दिलेलं बी१२ किंवा रक्तदाबाची अॅम्लोडिपिन (हिनेही चेहरा तापू शकतो) स्वतःहून बंद करू नका. वही डॉक्टरांना दाखवा.

चेहऱ्यावर बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम चालू असेल, तर हा सारा शोध फसतो. त्या स्टिरॉइडनेच रोझेशियासारखी लाली येते आणि ते एकदम सोडल्यास भडका उडतो, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खाल्ल्यावर ओठ सुजले, गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर ती अॅलर्जी आहे. पुन्हा खाऊन पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा, कारण रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.