खाऱ्या टँकमधलं शेवाळ: आधी वरून घालायचं पाणी तपासा

प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, म्हणजे टँकमध्ये, दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलं की लोक आधी औषध शोधतात. आपल्या विदर्भातल्या खेड्यात मी आधी बोअरकडे बघेन. मे महिन्याच्या कोरड्या हवेत टँकचं पाणी झपाट्यानं उडतं, पण त्यातलं मीठ आणि नायट्रेट मागेच राहतं. वरून बोअरचं पाणी ओतत गेलात की त्यातलं नायट्रेट, सिलिकेट साठत जातं, आणि नायट्रेट म्हणजे शेवाळाचं खतच. बोअर युरिया पडणाऱ्या शेतालगत असेल तर विचारूच नका.

घरच्या प्यायच्या आरओवरही विसंबू नका. अनेक मशिनांतला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करून घ्या, पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा. टीडीएस मीटरवर 0 दिसायला हवं. उडालेल्या पाण्याची भर याच बिनमिठाच्या पाण्यानं करायची.

माजलेलं शेवाळ जुन्या टूथब्रशनं घासा, पण दुसऱ्या हातात सायफनची नळी हवीच. सुटलेले धागे दुसऱ्या दगडावर रुजतात. दिवे 8 तासांवर आणा, माशांचं खाणं कमी करा. नायट्रेट-फॉस्फेट मात्र पार शून्यावर नेऊ नका. प्रवाळालाही ते थोडं लागतं, आणि डायनोफ्लॅजेलेट्स हे तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव अशा शून्यावर नेलेल्या टँकमध्येच डोकं वर काढतात.