आधी विद्रावक मोजा, मग मायसेलविषयी बोला

सीटॅब या साबणासारख्या पदार्थाच्या (सर्फॅक्टंटच्या) पाण्यातील द्रावणात इथेनॉल वाढवत नेले तसतशी श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, वाढत गेली, आणि मायसेल, म्हणजे सर्फॅक्टंटच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके, लांब होऊन एकमेकांत गुंतत आहेत, असा निष्कर्ष वहीत लिहून मी मोकळा झालो. त्या निष्कर्षापायी माझे सहा महिने वाया गेले. श्यानता खरोखरच वाढली होती, पण तिचे श्रेय मायसेलचे नव्हतेच.

25 अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता 0.89 मिलिपास्कल-सेकंद आणि इथेनॉलची सुमारे 1.1 असते. मिश्रणाची श्यानता या दोहोंच्या दरम्यान असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वजनाने 40 ते 45 टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणात ती 2.4 च्या आसपास, म्हणजे दोन्ही घटकांच्या दुपटीहून अधिक होते. मी मात्र सापेक्ष श्यानता, म्हणजे द्रावणाची श्यानता विद्रावकाच्या किती पट आहे ते, काढताना प्रत्येक वेळी शुद्ध पाण्याच्याच आकड्याने भागत होतो, कारण सीनियरकडून मिळालेल्या एक्सेल शीटमध्ये तो आधीच भरलेला होता. भागायचे असते ते त्याच प्रमाणात, त्याच तापमानाला, पण सर्फॅक्टंट न घालता मोजलेल्या मिश्रणाच्या श्यानतेने. आणि उबेलोड नळीतला (श्यानता मोजायच्या बारीक काचनळीतला) प्रवाहकाल घनतेने गुणल्याशिवाय वापरायचा नसतो. तसे केल्यावर माझा वर चढणारा आलेख खाली उतरून 1 च्या जवळ आला, आणि तेच स्वाभाविक होते, कारण इथेनॉल जास्त झाले की सीएमसी (मायसेल बनू लागण्यासाठी लागणारी सर्फॅक्टंटची किमान संहती) वाढते, मायसेल लहान होतात आणि अखेर बनेनासेच होतात.

ही चूक माझ्या मार्गदर्शकांना दिसली नाही. एका ज्युनियरने ‘सर्फॅक्टंट न घालता किती येते?’ असे सहज विचारले तेव्हा ती उघडी पडली. तयार शीट कोणाचीही असो, ती वापरू नका, असे माझे आजही ठाम मत आहे.

तापमानाबाबतही हयगय चालत नाही. 25 वरून 30 अंशांवर जाताना पाण्याचीच श्यानता 0.80 पर्यंत उतरते, म्हणजे अंशामागे सुमारे दोन टक्के, आणि विरल द्रावणात मायसेलचा परिणाम कधी कधी तेवढाच असतो. सीटॅबचे क्राफ्ट तापमान (ज्याच्या खाली सर्फॅक्टंट नीट विरघळत नाही ते) 25 अंशांच्या आसपास असल्याने एसी लावलेल्या प्रयोगशाळेत नळीत स्फटिक धरतात. म्हणून 30 अंशांपासून सुरुवात करावी. सोडियम सॅलिसिलेट घालून कृमीसारखे लांब मायसेल बनवणार असाल, तर उबेलोड नळीचा नाद सोडा, कारण तिथे श्यानता प्रवाहाच्या वेगाप्रमाणे बदलते आणि प्रवाहाचा वेग बदलत श्यानता मोजणारा रिओमीटरच लागतो.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. सहा महिन्यांचे ते काम मी तीन आठवड्यांत पुन्हा केले. द्रावण हलवू नका, हळू ओता, फेस पूर्ण बसेपर्यंत नळी स्थिर तापमानाच्या बाथमध्ये उभी ठेवा, आणि इथेनॉल असेल तर 40 अंशांच्या वर प्रत्येक मापनासाठी ताजे द्रावण घ्या, कारण इथेनॉल उडून जाते आणि प्रमाण बदलल्याचे वहीला कळत नाही.