आत्याला आधी उभं करा

मंगळागौरीची गाणी उतरवून घ्यायला मी आत्याकडे पहिल्यांदा गेले ती वही-पेन घेऊन. तिला खुर्चीत बसवलं. दोन ओळी झाल्या आणि गाडी अडली. ‘पुढचं विसरले गं.’ मग चहा झाला, झिम्म्याची टाळी कशी द्यायची हे दाखवायला ती उठली, आणि टाळीमागून टाळी अख्खं गाणं बाहेर आलं. वही तेव्हा आतल्या खोलीत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी खेळ, मग गाणं. नव्या नवरीकडे जाऊ नका. पाच वर्षं पूजा ती करते, पण खेळ येतात आत्या-मावश्यांना. श्रावणातल्या मंगळवारी त्यांना सवड नसते, म्हणून आषाढातच गाठा. मोबाईल खिडकीत टेकवून ठेवा, तुमचे हात फुगडीला लागणार आहेत. चित्रात पाय आले पाहिजेत. चेहरे काय, सगळेच टिपतात.

आता फुगडी. हातांची अढी घालायची, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. चवडे एकमेकींना भिडलेले, कोपरं ताठ, अंग मागे झोकलेलं. नवखी घाबरून पुढे झुकते आणि तिथेच गिरकी मोडते. तिला सांगायचं, वजन समोरचीच्या हातावर टाक, नजर तिच्या तोंडावर ठेव. फरशीकडे बघितलंस की चक्कर आलीच. थांबताना वेग हळूहळू उतरवायचा, हात झटकन सोडायचे नाहीत. हे जमल्यावर बसफुगडी. लोळणफुगडी ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनीच घालावी, मी नुसती बघते. पकवा, म्हणजे फुगडी घालताना तोंडाने धरलेला ठेका, मात्र लिहून घेता येत नाही, प्रत्येकीच्या तोंडून तो वेगळा निघतो. रेकॉर्डच करा.

मंगळागौरीची कहाणी शेवटी घ्या, सगळ्या दमून बसल्यावर. छापील पुस्तक समोर नको. ‘आटपाट नगर होतं’पासून ‘सुफळ संपूर्ण’पर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. सर्प कऱ्यात, म्हणजे लहान घड्यात, शिरतो आणि चोळीने कऱ्याचं तोंड बांधलं जातं, तिथे आत्या स्वतःच्या पदराला गाठ मारून दाखवते. दोघी वेगवेगळं सांगू लागल्या तर भांडू द्या. भांडताना जास्त आठवतं.

क्लिपला नाव देताना खेळ, सांगणारी, तारीख आणि तिचं माहेर लिहा. सासर नव्हे, खेळ बहुतेकींनी माहेरच्या अंगणातच उचललेले असतात. माझ्या पहिल्या तीन क्लिपा नुसत्या ‘व्हिडिओ १, २, ३’ आहेत, आणि दुसरीतल्या त्या हिरव्या लुगड्यातल्या आजी कुठल्या, हे आता आत्यालाही सांगता येत नाही.