बेळगाव-खानापूरकडच्या घरात मोठा टीव्ही घ्यायचाय? आधी खोली मोजा, मग दुकानात जा

मोठा टीव्ही म्हटलं की सगळे पहिल्यांदा कंपनी आणि ऑफर बघतात, पण सुरुवात टेप घेऊन घरातच करायची. तुम्ही बसता तिथून टीव्हीच्या भिंतीपर्यंत किती फूट आहेत ते मोजा आणि ८ नं गुणा, फोर-के टीव्हीला (म्हणजे एचडीपेक्षा बारीक, स्पष्ट चित्र दाखवणारा) साधारण तेवढे इंच बरोबर बसतात. ७ फूट असेल तर ५५, ८ फूट असेल तर ६५. मात्र घरात दिवसभर केबलवर मालिका आणि बातम्याच चालत असतील तर एक साईज खालची घ्या, कारण एचडी नसलेलं चॅनेल ६५ इंचावर धुरकट दिसतं आणि लोक उगीच टीव्हीला नावं ठेवतात. रुंदी पण बघा, ५५ चा टीव्ही जवळजवळ ४ फूट रुंद असतो, शोकेसमध्ये मावत नाही बऱ्याचदा.

मग भिंत. शहरात आरसीसी आणि विटांच्या घरात काही प्रश्न नाही, पण खानापूर-जांबोटी भागातल्या जुन्या मातीच्या भिंतीत फास्टनर (टीव्हीचा स्टँड भिंतीला धरून ठेवणारा मोठा स्क्रू) नीट धरत नाही आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येते ती वेगळीच. तिथं सरळ टेबलावर ठेवा, फक्त टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात म्हणून टेबल तेवढं लांब पाहिजे. आणि घरात सगळे खाली चटईवर बसत असतील तर टीव्ही पण खालीच लावा, वर छताजवळ लावला की आज्जीची मान दुखणारच.

आता दुकान. खडेबाजारात जा नाहीतर मोठ्या शोरूममध्ये, तिथं सगळे टीव्ही एकदम भडक मोडवर लावलेले असतात, लाल अगदी लालभडक, त्यावर जाऊ नका. दुकानदाराला स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड लावायला सांगा, पेनड्राईव्हवर स्वतःचे व्हिडिओ न्या, एक उन्हातली क्रिकेट मॅच आणि एक अंधारातला सीन. मग बाजूला सरकून बघा. एलईडी टीव्हीचं पॅनेल, म्हणजे पडदा, मुख्यतः दोन प्रकारचं असतं, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनेल बाजूनं पण नीट दिसतं पण काळा रंग राखाडी वाटतो, व्हीए मध्ये काळा छान पण बाजूनं फिकं. घर भरून माणसं मॅच बघायला बसत असतील तर मला आयपीएसच पटतं. क्यूएलईडी म्हणजे एलईडीच, फक्त रंग जास्त चांगले, त्याला ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) समजून पैसे देऊ नका. ओएलईडी अंधाऱ्या खोलीत अप्रतिम, पण एकच न्यूज चॅनेल दिवसभर चालणाऱ्या घरात नको, खालच्या पट्टीचा डाग कायमचा बसू शकतो.

आवाज पण तिथंच ऐका. पातळ टीव्हीत स्पीकर छोटे असतात, साऊंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांब स्पीकर) नंतर घेणार असाल तर त्याला आवाज पाठवणारा ईएआरसी पोर्ट आहे का विचारा.

लाईटचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात वळीव आला की विजा किती पडतात माहितीच आहे. बहुतेक नवीन टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळं कमी व्होल्टेजची काळजी फारशी नाही, जास्त व्होल्टेजची आहे. चांगला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) लावा, पण अर्थिंग नीट नसेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि गडगडायला लागलं की प्लगसोबत डिशची किंवा केबलची वायर पण काढा, ती तशीच ठेवतात लोक आणि वीज तिथूनच येते.

किंमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारखाच. त्यामुळं टॅक्स वाचेल म्हणून निपाणीहून कोल्हापूरला जाण्यात अर्थ नाही, दुकानदार भाव खरंच कमी देत असेल तर जा की. पण कुठूनही घेतला तरी तुमच्या पिनकोडला कंपनीचा माणूस येतो का हे कस्टमर केअरला फोन करून आधी विचारा, खेड्यात राहणाऱ्यांनी तर नक्कीच. पॅनेल गेलं तर खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा येतो, वॉरंटीत पॅनेल किती वर्षं आहे ते बिलावर लिहून घ्या.

टेम्पोतनं आणताना बॉक्स उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही. आणि डिलिव्हरीचा माणूस घरात असतानाच बॉक्स उघडून चालू करून बघा, पांढरी आणि काळी स्क्रीन लावून रेघ किंवा डाग आहे का ते तपासा, मगच सही करा.