पहिला ॲडव्हेंचर गेम: गुऱ्हाळघरातल्या तीन खोल्या

कोल्हापुरात ॲडव्हेंचर गेम, म्हणजे ठिकाणं फिरत, वस्तू वापरत आणि पात्रांशी बोलत कोडी सोडवायचा संगणकावरचा गेम, करायचं मनात आलं की डोळ्यांसमोर पन्हाळा उभा राहतो. १६६० चा वेढा, सिद्दी जौहर, शिवा काशीद, पावनखिंड असं सगळं एकाच गेममध्ये घालायचं ठरतं. चाळीस ठिकाणं आणि वीस पात्रांची यादी होते, दोन चित्रं काढून होतात आणि फोल्डर तसाच पडून राहतो. पहिला गेम तीन खोल्यांचाच करा. दोन पात्रं, सहा वस्तू, पाच कोडी, आणि खेळायला पंधरा-वीस मिनिटं. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रोज तासभर दिला तर साधारण दोन-तीन महिन्यांत हे पुरं होतं. पुरा झालेला छोटा गेम प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी दाखवता येतो. अर्धवट महाकाव्य कुणालाच दाखवता येत नाही.

आधी खेळा, पण वही घेऊन. या प्रकाराचा पहिला गेम विल क्राउदर यांनी १९७५-७६ च्या सुमारास लिहिला. ते स्वतः गुहा धुंडाळणारे होते आणि गेममधली गुहा केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या प्रत्यक्ष भागावर बेतलेली होती. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये तो वाढवला. त्यात चित्र एकही नव्हतं, नुसते शब्द. तरी जागा खरी वाटे, कारण करणाऱ्याच्या पायाखालून गेलेली होती. तुम्हीही जागा निवडताना हेच बघा.

जुने गेम आजच्या लॅपटॉपवर चालवायला स्कमव्हीएम हा मोफत प्रोग्रॅम लागतो. १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ आणि १९९५ चा ‘फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन’ हे दोन्ही मालकांनीच मोफत केलेले आहेत आणि स्कमव्हीएमच्याच साइटवर मिळतात. सुरुवात यांनी करा, चोरीच्या प्रती शोधत बसू नका. झिप फाइल आधी उघडून स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवा, मग ‘ॲड गेम’मधून तो फोल्डर दाखवा. झिप तशीच ठेवली किंवा फोल्डरच्या आतला फोल्डर चुकला की ‘गेम सापडला नाही’ असं येतं; नवख्यांची निम्मी अडचण एवढीच असते. इंग्रजी संवाद भरभर जात असतील तर सबटायटल सुरू करून मजकुराचा वेग कमी करा, ती सोय तिथेच आहे.

वहीत प्रत्येक कोड्यासाठी चार गोष्टी लिहा: वाट कशाने अडली, उपाय काय निघाला, त्या उपायाची खूण आधी कुठे दिसली होती, आणि किती वेळ गेला. तिसऱ्या रकान्यात सगळं शिक्षण आहे. तो रिकामा राहिला तर दोनच शक्यता: खूण तुमच्या नजरेतून सुटली, नाहीतर गेमने ती दिलीच नाही. अर्धा तास अडलात तर सूचना बघा, पण संपूर्ण उत्तरं छापलेला मजकूर उघडू नका. युनिव्हर्सल हिंट सिस्टिमसारख्या जागी एकेक सूचना क्रमाने उघडते. पहिल्या दोन सूचनांतच बहुतेकदा वाट मिळते.

वाईट कोडीही अभ्यासा. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’ मध्ये वाटेत मिळालेला एक खाण्याचा पदार्थ भूक लागली म्हणून खाऊन टाकला, तर बऱ्याच वेळाने हिममानवासमोर तुम्ही कायमचे अडकता, आणि आपण अडकलोय हे गेम सांगत नाही. १९९९ च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’ मध्ये मांजराचे केस मेपलच्या पाकाने चिकटवून खोटी मिशी करायची असते, तीही अशा माणसाचं सोंग घेण्यासाठी ज्याला मुळात मिशीच नाही. यांतल्या पहिल्यात खेळाडूला कळत नाही की सगळं हातचं गेलंय. दुसऱ्यात उपाय सुचावा असं काहीच आधी दाखवलेलं नाही. ही दोन पथ्यं पाळलीत तर तुमचं पहिलं काम बऱ्याच जुन्या नावाजलेल्या गेमपेक्षा न्यायाचं होईल: कोडं सोडवायला लागणारी प्रत्येक माहिती खेळाडूला आधी मिळालेली असली पाहिजे, आणि चुकीने वाट कायमची बंद होता कामा नये.

आता कोडी रचूया. जागा गुऱ्हाळघर घेऊ, कारण तिथल्या कामाचा क्रमच कोड्यांना आधार देतो. तीन खोल्या: घाण्याची जागा, चुलवाण (रसाखालची भट्टी) आणि काहील (रस उकळायची मोठी कढई), गूळ ठेवायची खोली. शेवट आधी ठरवा. समजा, गूळ ठेवायच्या खोलीतल्या ट्रंकेत जुनी हिशेबाची चोपडी आहे आणि ती मिळाली की गेम संपतो. आता मागे चला. ट्रंकेला किल्ली हवी. किल्ली गुळव्याकडे, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराकडे, आहे. काहिलीवर रस चढलेला असताना गुळव्या जागचा हलणार नाही, म्हणजे गूळ उतरला पाहिजे. गूळ उतरायला तीन गोष्टी हव्यात: जाळ, रस निवळायला रानभेंडी, आणि पाक नेमका कधी झाला याची पारख.

इथे फांद्या फुटतात आणि गेमला मोकळेपणा येतो. एका फांदीवर अडलेला खेळाडू दुसरीकडे जाऊ शकतो. पाचही कोडी एकामागे एक लावली तर एका ठिकाणी अडला की गेम बंद करून उठतो. कागदावर गोल आणि बाण काढून हा आराखडा करा. याला डिपेन्डन्सी चार्ट म्हणतात. बाण उलटा फिरून स्वतःकडे आला तर गेम सुटणारच नाही. कागदावर हे पाच मिनिटांत दिसतं, प्रोग्रॅममध्ये सापडायला आठवडा जातो.

जाळाची फांदी: अवकाळी पावसाने अंगणातली चिपाडं, म्हणजे जाळायची रस काढलेली उसं, भिजलीत. कोरडी माळ्यावर आहेत आणि त्यांची टोकं चुलवाणाच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात दिसतात. शिडी घाण्याला टेकलेली आहे. म्हणजे वस्तू एका खोलीत, गरज दुसऱ्या खोलीत, आणि दोन्ही डोळ्यांसमोर. भेंडीची फांदी: गुळव्या म्हणतो, ‘मळी वर येईना’. बांधावर भेंडीची झाडं दिसतात, पण ती नुसती काहिलीत टाकून चालत नाही. ठेचून पाण्यात भिजवली की चिकट पाणी सुटतं आणि तेच रसात घालायचं. म्हणून भेंडी आणि पाण्याची बादली एकमेकांवर वापरावी लागते. ज्याने गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यालाही हे सुचलं पाहिजे, तेव्हा ही माहिती दोनदा द्या: एकदा गुळव्याच्या बोलण्यात, एकदा चित्रात, कालच्या बादलीत उरलेल्या बुळबुळीत काड्या दाखवून. प्रत्येक कोड्याला दोन वेगवेगळ्या वाटांनी दोन खुणा, हा नियम मोडू नका.

पारखेचं कोडं सगळ्यात सुंदर, कारण त्यात वस्तू लागत नाही, ज्ञान लागतं. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला आणि त्याची गोळी धरली की गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतायचा. खेळाडूने लवकर किंवा उशिरा सांगितलं तर? गूळ बिघडला म्हणून गेम संपवू नका. गुळव्या ओरडेल, नवा रस चढेल, पुन्हा संधी मिळेल. प्रत्येक चुकीचं उत्तर खेळाडूला थोडं शहाणं करून गेलं पाहिजे: लवकर ओतलं तर ‘अजून पातळ हाय, पाण्यात विरघळतंय’ एवढं वाक्य पुरे.

सहा वस्तू आणि क्लिक करण्याजोग्या वीस जागा म्हणजे १२० जोड्या. त्या सगळ्यांना स्वतंत्र उत्तर लिहायची गरज नाही. वस्तूगणिक एक सर्वसाधारण उत्तर आणि ज्या तीसेक जोड्या माणूस खरोखर करून बघेल त्यांना खास उत्तर. ‘हे चालणार नाही’ हे एकच वाक्य सगळीकडे लावलं की खेळाडू विचार करणं सोडून दिसेल ते दिसेल त्यावर लावत सुटतो.

साधन कोणतं घ्यायचं, याचा निकाल मराठी मजकुरावर लागतो आणि हे फार कुणी आधी सांगत नाही. ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ, म्हणजे एजीएस, हे या प्रकारासाठीच बनलेलं मोफत साधन आहे, ख्रिस जोन्स यांनी सुरू केलेलं. शिकायला सोपं आणि कमी ताकदीच्या विंडोज लॅपटॉपवरही चालतं. ‘ब्लॅकवेल’ मालिकेसारखे विकले जाणारे गेम त्यातच झाले. पण देवनागरीची अक्षरं ते नीट जुळवत नाही: ‘किल्ली’ लिहिलं तर पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर उमटते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. युनिकोड (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) चालतं म्हणजे जोडाक्षरं जुळतात असं नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. संवाद मराठीत हवे असतील तर गोडो ४ हे गेम करायचं मोफत साधन घ्या. त्यात जोडाक्षरं जुळवण्याची सोय आतच आहे, आणि पोपोचियू हे मोफत प्लगइन जोडलं की खोल्या, पात्रं, वस्तू यांची मांडणी एजीएससारखीच मिळते. जुना लॅपटॉप असेल तर प्रकल्प सुरू करताना ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) निवडा, नाहीतर काळी खिडकी दिसेल किंवा प्रोग्रॅम बंद पडेल.

कोणतंही साधन घ्या, पहिला आठवडा ट्वाइन या मजकुराचे गेम करायच्या मोफत साधनात घालवा. त्यात चित्र लागत नाही, नुसते परिच्छेद आणि दुवे. तयार होते एकच एचटीएमएल फाइल. मराठी मजकूर ब्राउझरच दाखवतो, त्यामुळे अक्षरांची कटकट नाही. गुऱ्हाळाचा अख्खा आराखडा त्यात खेळून बघता येतो आणि कोडं फसलं तर एकही चित्र वाया जात नाही.

फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या: मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, किंवा मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी. निवडण्याआधी ‘गुऱ्हाळ, तऱ्हा, वाऱ्यावर, ट्रंक, चिठ्ठ्या’ एवढे शब्द त्यात टाइप करून बघा. अर्धा र तुटला तर तो फॉन्ट बाद. गोडोत अक्षर-अक्षर उमटवायचं असेल तर लेबलच्या, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या, ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’मध्ये अक्षरजुळणीनंतर मोजणारा पर्याय निवडा, नाहीतर ओळ उमटताना मात्रा आणि जोडाक्षरं क्षणोक्षणी रूप बदलत राहतात.

एजीएसमध्ये काम करणाऱ्यांना हमखास नडणाऱ्या काही जागा आहेत. चालण्याची जागा रंगवताना एका पिक्सेलची फट राहिली की पात्र तिथेच थबकतं. हा रंगवलेला थर, म्हणजे मास्क, मोठा करून बघा. वॉक-बिहाइंडची, म्हणजे पात्राला झाकणाऱ्या चित्राच्या भागाची, बेसलाइन (पात्र पुढे की मागे हे ठरवणारी रेघ) वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथे हवी. ती वर ओढली गेली तर पात्राचं डोकं काहिलीच्या मागे जायच्या ऐवजी पुढे दिसतं. उचलता किंवा हलवता येईल ते ऑब्जेक्ट, कायम राहील ते हॉटस्पॉट. शिडी हॉटस्पॉट केली तर ती उचलल्यावर चित्रातून घालवता येत नाही. आणि खोल्यांना ३०० च्या वरचे क्रमांक देऊ नका. त्या खोल्यांची स्थिती एजीएस लक्षात ठेवत नाही, म्हणून खेळाडू परत आला की उचललेली शिडी पुन्हा जागेवर दिसते.

चित्रांसाठी ३२० × १८० हे माप सोयीचं. ते सहापट केलं की बरोबर १९२० × १०८० होतं, चारपट केलं की १२८० × ७२०. जुनं ३२० × २०० आजच्या पडद्यावर पूर्ण पटीत बसत नाही आणि पिक्सेल कमी-जास्त रुंद दिसतात. लहान चित्र मोठं करताना फिल्टर ‘निअरेस्ट’ ठेवा, नाहीतर सगळं धूसर होतं. आधी फक्त करड्या चार छटांत उजेड-अंधार लावा: चुलवाणाचं तोंड उजळ, कोपरे गडद. जी वस्तू हवी ती तिथेच ठळक दिसली तर रंग नंतर कसेही सुधारता येतात. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची रंकाळ्याची निसर्गचित्रं बघायला मिळाली तर जरूर बघा, उजेड कुठे ठेवलाय ते शिकण्यासारखं आहे. १० पिक्सेलपेक्षा लहान जागेवर क्लिक करायला लावू नका. शोधण्याचं कष्ट म्हणजे कोडं नव्हे.

चालणारं पात्र हा सर्वांत महाग भाग आहे. आठ चौकटी, तीन दिशा (चौथी आरशातल्यासारखी उलटवून), म्हणजे एकाच पात्राची चोवीस चित्रं. पहिल्या गेममध्ये खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणारं दृश्य ठेवलंत तर हे सगळं वाचतं.

आवाज मोबाइलवर मिळतो. हंगामात शिरोळ-करवीरच्या एखाद्या गुऱ्हाळावर मालकाला विचारून घाण्याचा आणि रस उकळण्याचा मिनिटभर आवाज घ्या, आणि कुणी बोलत नसताना अर्धा मिनिट नुसत्या जागेचाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये टोकं एकमेकांत मिसळून लूप करा, म्हणजे आवाज न तुटता फिरत राहील, आणि ओजीजी प्रकारच्या फाइलमध्ये साठवा. नेटवरून घेतलेल्या प्रत्येक आवाजाचा परवाना घेतानाच एका फाइलमध्ये लिहून ठेवा. परवान्यात ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे विक्रीसाठी नाही) असलेला आवाज पुढे विकायच्या गेममध्ये चालत नाही.

चाचणीला चार-पाच जण पुरतात, मात्र त्यांतला एक तरी असा हवा ज्याने हा प्रकार कधी खेळलेला नाही. मागे बसा, गप्प राहा, वेळ आणि त्यांनी लावलेल्या जोड्या लिहा. एका जागी कुणी पाच मिनिटांहून जास्त थांबला की तिथे खूण कमी पडतेय. दोघांनी तीच चुकीची गोष्ट करून बघितली तर ती त्यांची चूक धरू नका. एकतर तिला चांगलं उत्तर लिहा किंवा तोही उपाय मान्य करा.

पुढे गेम डिझाइनच्या अभ्यासक्रमाकडे वळायचं असेल तर चार्टचा कागद, चाचणीच्या नोंदी आणि कोणत्या खुणेनंतर काय बदललं हे तिन्ही जपून ठेवा. निवड करणाऱ्यांना तयार गेमइतकाच हा विचार बघायचा असतो. सरावासाठी एजीएसच्या मंडळींची मॅग्ज ही दर महिन्याची स्पर्धा आहे: एक विषय मिळतो आणि त्यावर महिन्याभरात छोटा गेम करायचा.

गेम इच डॉट आयओ या गेम प्रसिद्ध करायच्या साइटवर ठेवताना ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती द्या. अनोळखी एक्सई फाइल उतरवायला लोक कचरतात. झिपमध्ये मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’ हवं आणि ती सगळ्यात वरच्या पातळीवर हवी, आतल्या फोल्डरमध्ये गेली तर पान कोरं राहतं. प्रसिद्ध केल्यावर खोल्या किंवा वस्तू वाढवल्या तर जुने सेव्ह नव्या आवृत्तीत उघडतीलच असं नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त मजकुराच्या चुका आणि अडकवणाऱ्या चुका दुरुस्त करा, आणि नवी कल्पना वहीत लिहून दुसऱ्या गेमसाठी ठेवा.