अर्ध्या भाकरीत पोट भरतंय

फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींना रंगीत अँटिबॉडी चिकटवून मशीननं त्या ओळखणं, शिकायला आमच्या बेळगावात जी मुलं येतात, त्यांना मी पहिले काही दिवस मशीनला हात लावू देत नाही. रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला बसवते. याला कारण खानापूरकडचे एक मामा.

मी तेव्हा नवीन होते. फॉर्मवर एवढंच होतं: रक्तातल्या तिन्ही पेशी कमी, सीएलएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे का? बोनमॅरोची सुई घातली तर काही ओढूनच येईना, म्हणून रक्तावरच सीएलएलचा पॅनेल, म्हणजे त्यासाठीच्या अँटिबॉडींचा संच, लावला. बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) निघाल्या. सीडी म्हणजे पेशीवरच्या खुणा, त्यातली सीडी-२० लख्ख, पण सीडी-५ नाही, सीडी-२३ही नाही. सीएलएलमध्ये हे दोन्ही असतात आणि सीडी-२० फिकट असतो. "सीएलएल नाही" असं लिहून मी रिपोर्ट देणार होते.

सरांनी मामांना आत बोलावलं. "मामा, जेवण कसं जातंय?"

"अर्ध्या भाकरीतच पोट भरतंय बघा."

हात लावला तर पानथरी (प्लीहा) वाढून बेंबीपर्यंत आलेली. ती पोटावर दाबते, म्हणून थोड्यातच पोट भरतं. मग स्लाइड पुन्हा लावली. बराच वेळ शोधल्यावर एक पेशी दिसली, कडेनं केसांसारखे बारीक तंतू. स्लाइडवर मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) जवळजवळ नाहीत, आणि पेशी मोजणारा काउंटर मात्र मोनोसाइट दाखवत होता! या पेशींनाच तो मोनोसाइट धरतो. दुसरा पॅनेल लावला: सीडी-११सी, सीडी-२५, सीडी-१०३, सीडी-१२३. चारही पॉझिटिव्ह. हेअरी सेल ल्युकेमिया, म्हणजे केसाळ पेशींचा रक्ताचा कॅन्सर. त्याचं औषध वेगळं, क्लॅड्रिबिन. पाच-सात दिवसांच्या एका कोर्सनं बहुतेकांना वर्षानुवर्षं बरं राहतं. जी अँटिबॉडी ट्यूबमध्ये घातलीच नाही, तिचं उत्तर स्क्रीनवर येणार कुठून?

एकट्या सीडी-१२३ वरून नाव लिहू नका. बीपीडीसीएन या दुसऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरमध्येही तो असतो, पण तिथे जोडीला सीडी-४ आणि सीडी-५६ असतात, बहुधा कातडीवर जांभळट गाठीही.

निपाणी, अथणीकडून येणारं सॅम्पल जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (ईडीटीएमुळे रक्त गोठत नाही) मागवा, काढल्याची वेळ लिहून घ्या. उन्हाळ्यात लोक काळजीपोटी ट्यूब बर्फावर ठेवून पाठवतात. तसं करू देऊ नका. पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींना कुठलीही अँटिबॉडी चिकटते.

आणि पेशंटशी दोन शब्द बोला. कन्नड बोलणारे असतील तर "ऊटा आयता?" विचारा. जेवणाचं बोलता बोलता पानथरीचं कळतं.