चिडचिड झाली की आधी देवाकडे तक्रार करा

हंडा अर्धा भरतो न भरतो तोच नळाचं पाणी जातं. स्टेशनवर गाडी वीस मिनिटं लेट. दिवसभर मन धुमसत राहतं आणि संध्याकाळी सगळं घरच्या माणसावर निघतं. पुष्कळ विश्वासणारे इथे एक चूक करतात. राग येणं हेच पाप समजून ते तो गिळतात आणि वरून 'प्रभूची इच्छा' म्हणून मोकळे होतात. मन मात्र मोकळं होत नाही. पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, रीत वेगळी आहे. तिथे भक्त आधी तक्रार करतो, आणि ती थेट देवाकडे करतो.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 उघडा. जेमतेम सहा वचनं आहेत. पहिल्या दोनांत गाऱ्हाणं आहे आणि 'आणखी किती काळ?' हा सवाल चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. आपली प्रार्थना याच क्रमाने करायची. एक साधी वही घ्या, रात्री दहा मिनिटं काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आधी गाऱ्हाणं लिहा, तीन-चार ओळी. 'मन अस्वस्थ आहे' असं मोघम नको. असं लिहा: 'प्रभू, मोटर आज तिसऱ्यांदा बंद पडली. सोसायटीत कुणी फोन उचलत नाही. पाणी मीच भरायचं आणि बोलणीही मीच खायची. किती दिवस?' देवाला हे ठाऊक नसतं म्हणून लिहायचं नाही. नेमकं काय बोचतंय ते आपल्यालाच लिहिताना कळतं. पुष्कळदा राग मोटरीचा नसतोच, 'बोलणी खायची' या दोन शब्दांत तो बसलेला असतो.

मग एकच मागणी, उद्या सकाळपुरती. 'माझा स्वभाव बदल' ही मागणी इतकी मोठी आहे की ती पुरी झाली की नाही हे कधी कळत नाही. 'उद्या सेक्रेटरींशी बोलताना आवाज चढू देऊ नकोस' ही चालेल.

शेवटी भरवशाची एक ओळ. पूर्वी देवाने केलेली एक खरी गोष्ट आठवा आणि लिहा. काही सुचलं नाही तर बळेच गोड शेवट करू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. प्रार्थना पहिल्याच ओळीला आभाराने सुरू करून गाऱ्हाणं टाळलं, तर दोन दिवसांत सगळं कोरडं वाटू लागतं. प्रार्थना फसण्याचं हे एक मोठं कारण.

हे रात्रीचं झालं. भर गर्दीत वही काढता येत नाही. तेव्हा येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना धरा, लूकच्या शुभवर्तमानातली (18:13): 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' श्वास घेताना 'हे देवा', सोडताना उरलेलं, सावकाश दहा वेळा. मिनिटभर लागतं. गाडी चालवत असाल तर डोळे उघडेच ठेवा. समोरच्याचा दोष मनात घोळत असताना ओठांवर 'मज पाप्यावर' येतं, तिथेच रागाची धार बोथट होते.

भांडण माणसाशी असेल तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' असं प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात सांगतो (4:26). त्याच दिवशी फोन करा. व्हॉट्सॲपवर लिहू नका, लिहिलेल्यात सूर कळत नाही. आपली चूक आधी, दोन वाक्यांत, 'पण' न लावता. आणि त्या माणसाचं नाव मंडळीत (चर्चमध्ये) प्रार्थनेचा विषय म्हणून देण्याआधी थांबा, कारण बऱ्याचदा ती चहाडीच असते. घरात मारहाण होत असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही. क्षमा करणं म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा.

शरीराकडेही बघा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता (1 राजे 19), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेवर केलेली प्रार्थना बहुधा चिडचिडीतच विरते. आधी जेवा. भांडी घासताना एखादं गीत मोठ्याने म्हणा. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (1861–1919) गीतं मंडळ्यांत आजही गातात, त्यातलं पाठ असलेलं एखादं पुरे. गाताना श्वास आपोआप लांबतो.

वहीत रोज तारीख घाला. महिन्याने मागची पानं वाचा. एकच गाऱ्हाणं पाच-सात वेळा आलं असेल तर पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी बोला. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांकडेही जा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.